बिनदुधाचा चहा

कृषी विस्तार अधिकाऱ्याच्या नोकरीत पगाराखालोखाल नियमित मिळणारी गोष्ट म्हणजे चहा. गेली तीस वर्षे मी नाशिक जिल्ह्यात फिरतो आहे. निफाडची द्राक्षबाग असो, सुरगाण्याची नागली असो की सिन्नरकडची कोरडवाहू बाजरी, ओट्यावर पाय ठेवला की घरातून आवाज येतोच, "साहेब आलेत, चा टाक गं." दिवसाला आठ कप सहज होत. कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ कपांची ऐंशी ग्रॅम आणि महिन्याची जवळजवळ अडीच किलो. तुम्हाला खताचा हिशेब शिकवणाऱ्या माणसाने हा हिशेब मात्र कधी मांडला नाही.

चार वर्षांपूर्वी रक्त तपासले आणि साखर निघाली. डॉक्टरांनी गोड चहा बंद केला. सांगायला सोपे, पण पाळणार कसे? त्याच आठवड्यात सिन्नर तालुक्यात एका वस्तीवर गेलो होतो. घरच्या आजींनी चुलीवर चहा ठेवला. मी हात जोडून नको म्हणालो. आजी थांबल्या, आधण खाली उतरवले आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या घरचा चालत नाय का, साहेब?"

मी आजाराचे कारण सांगितले, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते पटल्याचे दिसले नाही. चूक त्यांची नव्हती. चहा नाकारण्याचे दुसरे एक कारण या महाराष्ट्रात फार वर्षे चालत आले आहे आणि त्यांच्या पिढीने ते पाहिले आहे.

१८९० सालची गोष्ट. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली नामांकित मंडळी गेली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी प्याले, कोणी नुसता कप हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी हजर मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गहजब झाला. ख्रिस्ती घरचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते द्यावी-घ्यावी लागली. एका कपभर चहापायी!

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. अस्पृश्य असून पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांची खबर घेतलीच, शिवाय गंगारामांना भांडवल देऊन चहाचे दुकान काढायला लावले. मग स्वतःची गाडी त्या दुकानासमोर उभी करून ते चहा मागवू लागले. स्वतः पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. महाराज पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आजींच्या प्रश्नामागे एवढे सगळे होते. तेव्हा, चहा नाकारायचा नाही आणि साखरही घ्यायची नाही, अशी वाट मला शोधणे भाग पडले.

ती वाट एका डब्यातून आली. आमच्या ओळखीचे एक द्राक्ष बागाईतदार चीनची शेती पाहायला गेले होते. येताना त्यांनी मला चहाचा एक लहान डबा आणला. डब्यात पावडर नव्हती. चपटी, पोपटी, इस्त्री केल्यासारखी अख्खी पाने होती. आमच्या घरी त्याचे काय झाले ते सांगतो. सौभाग्यवतींनी ती पाने नेहमीप्रमाणे पाण्यात खळखळ उकळली, वर दूध ओतले. गवताचा काढा व्हावा तसे ते झाले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि पातेले तुळशीऐवजी मोरीत रिकामे केले. बागाईतदारांना फोन केला तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, तो लोंगजिंग आहे. काचेच्या ग्लासात टाका, उकळून थोडे निवलेले पाणी ओता आणि गप्प बसून पाहा."

तसे केले. पाने आधी तरंगली, मग एकेक करून उभी राहत तळाशी गेली. पाण्याला फिकट पिवळसर रंग आला. घोट घेतला तर चव ओळखीची निघाली. शेतात ओला हरभरा भाजून हुळा करतो ना, तसा वास, आणि मागून जिभेवर रेंगाळणारी गोडी. साखरेचा कण नसताना गोडी! त्या दिवसापासून मी या पानाचा अभ्यास सुरू केला. शेतीचा पदवीधर असून जे पीक मी रोज पीत होतो त्याची मला काहीच माहिती नव्हती, हे कबूल करतो.

लोंगजिंग म्हणजे ड्रॅगनची विहीर. चीनच्या हांगचौ शहराजवळ एका विहिरीवरून गावाचे नाव पडले आणि गावावरून चहाचे. आपल्याकडे लासलगावचा कांदा म्हणतात तसेच. मुख्य म्हणजे हिरवा चहा, काळा चहा ही वेगवेगळी झाडे नव्हेत. झाड एकच, शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो तोडणीनंतरच्या काही तासांत काय करता यावर.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, हे घरातल्या बाईला सांगायला नको. पानातही तेच घडते. पान चुरगळले की त्यातला रस हवेला लागतो आणि पान तांबूस होत जाते. चिनी शेतकरी हा बदल हवा तिथे थांबवतो. ताजे पान लगेच तापलेल्या कढईत टाकून हाताने परतले की बदल थांबतो आणि पान हिरवे राहते. तो हिरवा चहा. पान सुकवून, हलवून, कडा जरा चेंदून अर्धवट तांबूस होऊ दिले आणि मग आचेवर धरले की ऊलाँग. पूर्ण होऊ दिले की आपण ज्याला काळा म्हणतो तो. चिनी लोक मात्र त्याच्या पाण्याच्या रंगावरून त्याला लाल चहा म्हणतात. याखेरीज पांढरा, पिवळा आणि युन्नान प्रांतातला मुरवलेला पुअर, असे सहा मोठे प्रकार ते मानतात. पुअरच्या वड्या दाबून वर्षानुवर्षे ठेवतात, जुन्याला जास्त भाव. लोणच्यासारखे म्हणा ना.

लोंगजिंगची पाने कढईत परततात ती उघड्या तळव्याने दाबून. म्हणून ती चपटी असतात. तोडणी करायची ती कळी आणि एक-दोन कोवळ्या पानांची. एप्रिलच्या सुरुवातीला चिनी लोकांचा छिंगमिंग नावाचा सण येतो. आपल्या पितृपक्षासारखी पूर्वजांची आठवण त्या दिवशी करतात. या सणाच्या आधी तोडलेल्या पानाला सर्वांत चढा भाव. पाऊस सुरू झाला, पान भराभर वाढले की वजन वाढते आणि चव उतरते. लवकर पाणी देऊन घड फुगवला की मण्यात साखर भरत नाही, हे जाणणाऱ्या द्राक्षवाल्याला आणखी काय सांगावे? साधारण साडेचार-पाच किलो ओल्या पानांपासून एक किलो चहा होतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, तसलेच प्रमाण. फूच्येन प्रांतात वूयी डोंगराच्या कपारीत दा हाँग पाओ नावाच्या चहाची सहा जुनी मूळ झाडे आहेत. त्यांची तोडणी २००६ पासून बंद केली आहे. आता त्यांच्या कलमांपासून वाढवलेल्या झाडांचा चहा बाजारात येतो. जातिवंत मातृवृक्ष जपावा कसा, याचा तो नमुना.

चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला तो लू यू या माणसाने, आठव्या शतकात. हा अनाथ मुलगा, बौद्ध मठात वाढलेला. त्याच्या ग्रंथाचे नाव चा चिंग. त्याने पान कुठे उगवावे, कधी तोडावे, भांडी कोणती वापरावीत, सगळे लिहिले. पाण्याबद्दल त्याचे मत असे, की डोंगराच्या झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम, विहिरीचे कनिष्ठ. आमच्याकडचे क्षारयुक्त बोअरचे पाणी त्याने कोणत्या वर्गात टाकले असते, देव जाणे! पण मुद्दा खरा आहे. बोअरच्या पाण्यात चांगला चहाही मचूळ लागतो, वर तवंग धरतो. मी स्वतः करून पाहिले आहे.

त्या काळी चीनमध्ये लोक चहात कांद्याची पात, आले, पुदिना, संत्र्याची साल घालून उकळत. लू यूला याचा भारी राग. असला चहा म्हणजे गटारीचे पाणी, असे त्याने लिहून ठेवले. मिठाची चिमूट मात्र त्याला चालत होती. माझ्या आल्याच्या चहाला मी काही गटारीचे पाणी म्हणणार नाही, थंडीच्या दिवसांत तो हवाच. पण कांदा घालणारेही होते हे वाचून लासलगावकरांना बरे वाटेल. पुढे सुंग राजवटीत चहाची पूड घुसळून पिण्याची चाल आली, ती पुढे जपानने उचलली. १३९१ साली मिंग बादशहाने दाबलेल्या वड्यांची खंडणी बंद करून सुट्या पानांचा चहा घ्यायला सुरुवात केली. गरम पाण्यात पान भिजवून पिण्याची चाल तेव्हापासून बळावली.

हा चहा आपल्या चुलीवर कसा आला, ती हकिकत तितकी गोड नाही. शब्दच पाहा. खेड्यात आपण चा म्हणतो, शहरातले लोक त्याला गावंढळ समजतात. पण चिनी भाषेतला शब्द चा हाच आहे. मकाव बंदरातून पोर्तुगीजांनी तो तसाच उचलला. फूच्येनच्या किनाऱ्यावर त्यालाच ते म्हणत, तो डचांनी नेला आणि त्याचे इंग्रजी टी झाले. तेव्हा चा टाक म्हणणारी माझी वहिनी साहेब लोकांपेक्षा मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आहे.

इंग्रजांना चहाची चटक लागली, पण चीनला त्यांच्याकडचा माल फारसा नको होता. चांदी मोजावी लागे. मग हिंदुस्थानातून कापूस आणि अफू चीनला धाडून त्या पैशात चहा घेण्याची युक्ती निघाली. मुंबई बंदर या व्यापारावर वाढले. ज्यांच्या देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले ते जमशेटजी जीजीभाई या चीनच्या व्यापारातच श्रीमंत झाले. माळव्याचा शेतकरी अफू पिकवत होता, चीनचा शेतकरी चहा, आणि दोघांच्या मधला नफा तिसऱ्याच्या खिशात. चीनने अफू अडवली तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ युद्ध करून ती गळी उतरवली.

तोवर आसामात चहाचे झाड सापडले होते. तिथले सिंगफो लोक ते आधीपासून वापरत होते, १८२३ साली रॉबर्ट ब्रूसला ते कळले. तरीही कंपनी सरकारला चिनी झाड आणि चिनी कसब हवे होते. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ पासून चिनी वेष करून आतल्या भागात हिंडला आणि हजारो रोपे, बी आणि चहा करणारे कारागीर हिमालयाच्या पायथ्याशी घेऊन आला. रोपे आणली ती काचेच्या बंद पेट्यांतून. आजच्या रोपवाटिकांच्या पॉलिहाऊसचे ते पूर्वजच. याच फॉर्च्यूनने पाहिले, की परदेशी गिऱ्हाइकासाठीचा हिरवा चहा अधिक हिरवा दिसावा म्हणून त्याला निळा रंग आणि जिप्सम चोळतात. गिऱ्हाईक रंग पाहून भुलते ही गोष्ट आजची नाही.

आसामच्या मळ्यांत मजूर कसे नेले, कसे राबवले, तो वेगळाच काळा अध्याय आहे. चहा पिकू लागला तरी आपण तो पीत नव्हतो. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्यातून प्रचार सुरू झाला. पुढे रेल्वे स्टेशने, बाजार, गिरण्या अशा ठिकाणी चहा करून दाखवू लागले. १९३० च्या सुमारास पान चिरडून, फाडून, गोळी करणारे सीटीसी यंत्र आसामात निघाले. थोड्या पावडरीत जास्त रंग आणि जास्त कप. दूध-साखर पेलणारा, स्वस्त, कडक चहा कष्टकऱ्याच्या हाती आला. आज भारतात सुमारे १३ लाख टन चहा होतो आणि त्यातला बहुतेक आपणच पितो. पावडरीचे मिश्रण करून विकणारे धंदेही उभे राहिले. सपटसारखे नाव तर आपल्या नाशिकचे.

या पावडरीला मी नावे ठेवत नाही. पहाटे पाण्याची पाळी धरणाऱ्याला तीच उपयोगी. पण एक गोष्ट मनाला लागते. आज भारतातला निम्म्याहून अधिक चहा लहान उत्पादक पिकवतात. त्यांतले बहुतेक जण ओला पाला कारखान्याला विकतात आणि मिळेल तो भाव घेतात. पाला तासाभरात तापू लागतो, थांबता येत नाही, अगदी आपल्या टोमॅटोसारखे. चीनच्या कित्येक चहाच्या गावांत मात्र कढई शेतकऱ्याच्या घरातच असते. सासू पान तोडते, मुलगा परततो, सून वाळवून डब्यात भरते. गिऱ्हाईक दारी येते आणि त्याच घरच्या ग्लासात चव घेऊन भाव ठरतो. सगळीकडे असे नाही, तिथेही मोठे कारखाने आहेत. पण जिथे आहे तिथे हाताच्या कसबाचा पैसा घरात राहतो.

तुमच्यापैकी कोणी लगेच विचारील, साहेब, मग आपल्याकडे चहा लावायचा का? नाही. चहाला साडेचार ते साडेपाच सामू असलेली आम्ल जमीन लागते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू साडेसात ते साडेआठ. इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि पुढे आठ महिने कोरडे. चहाला ओल वर्षभर हवी. शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहाची लागवड करून पाहिली होती, पण तिथली जांभ्याची माती आणि हवा वेगळी. कोणी चहाची रोपे विकायला आला तर पाकीट खिशात ठेवा. आणि परसातला गवती चहा हे गवत आहे, त्याचा चहाच्या झाडाशी संबंध नाही. सर्दीला तो चांगला, बांधावर जरूर असू द्या.

घरी करून पाहायचे असेल तर असे करा. चिनी पान मिळाले नाही तर दार्जिलिंगचे अख्खे पान घ्या. तिथल्या बऱ्याच झाडांचे मूळ चिनीच आहे. पन्नास-शंभर ग्रॅम पुरे. गाळलेले गोडे पाणी उकळा. हिरवे पान असेल तर गॅस बंद करून, झाकण काढून पाच मिनिटे थांबा, उकळत्या पाण्याने ते कडू होते. ऊलाँग किंवा काळ्या पानाला मात्र उकळते पाणी चालते. काचेच्या ग्लासात दोन चिमटी पान, वर पाणी, दोन-तीन मिनिटे. ग्लास तळाशी तिसरा हिस्सा राहिला की पुन्हा पाणी ओता. एकाच पानावर तीन वेळा, ऊलाँग असेल तर पाच-सहा वेळाही चव निघते आणि दर वेळी थोडी वेगळी. चीनमध्ये झाकणाच्या लहान वाटीत पान जास्त घालून, अगदी छोट्या कपांतून असे घोट-घोट पितात. दुसऱ्याने कप भरला की टेबलावर दोन बोटे टेकवून आभार मानतात. लग्नात नवरा-नवरी वडीलधाऱ्यांना चहा देऊन नमस्कार करतात. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेल्यांसमोर चहाचा ट्रे येतो, तिथे दोघे मिळून देतात. मला तिथली रीत जास्त आवडली.

भगिनींना मुद्दाम सांगतो. कोणताही चहा, दुधाचा असो की बिनदुधाचा, जेवणाला लागून घेऊ नका. अन्नातले लोह अंगी लागण्यात तो आडवा येतो आणि आपल्या घरातल्या बायकांचे रक्त आधीच कमी असते. तासभर जाऊ द्या. हिरव्या चहाने साखर बरी होते, वजन उतरते असे सांगून कोणी महागडी पाकिटे विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका. माझी साखर आटोक्यात आली ती गोड कप सुटल्यामुळे, चालण्यामुळे आणि औषधामुळे.

आता माझ्या पिशवीत पानाची लहान डबी असते. ती घेऊन मी सिन्नरच्या त्या वस्तीवर पुन्हा गेलो. आजींना म्हणालो, "आजी, चहा घेतो, पण पाणी तुमचं, पान माझं. दोघंही घेऊ." त्यांनी आधण ठेवले. स्टीलच्या दोन पेल्यांत पान टाकले, निवलेले पाणी ओतले. आजींनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "हुळ्यावाणी लागतंय. पर दूध नाय म्हंजे पाव्हण्याला काय दिल्यासारखं वाटत नाय." मी दोन बोटे चटईवर टेकवली आणि त्याचा अर्थ सांगितला. त्या हसल्या. मग शेतकऱ्याच्या घरी निघतोच तो प्रश्न निघाला, "भाव काय हाय ह्याचा?"

मी सांगितला. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मी पेला उपडा करून पाने टाकायला निघालो तसा त्यांनी माझा हात धरला.

"टाकू नका, साहेब. अजून एक पाणी निघंल."